आणखी अर्धी घागर

लातूर जिल्हा झाला तेव्हा रेवणप्पांनी दोन गोष्टी केल्या. अडत दुकानाच्या पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' खरवडून तिथं 'जि. लातूर' रंगवून घेतलं आणि एक जुनी मोटार विकत आणली. तालुक्याच्या अडत्याला सायकल चालते, जिल्ह्याच्या अडत्याला मोटार पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. मोटार हैदराबादच्या कुण्या वकिलानं वापरून वापरून पार जेरीला आणलेली. पण ती पांढरी होती आणि तिचा हॉर्न दणदणीत होता, तेव्हा रेवणप्पांना आणखी काही बघायची गरज वाटली नाही. जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली. कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, साहेबलोकांना भाड्यानं द्यायला घराघरांवर मजले चढले. पाणी तेवढं यायचं राहिलं. पाऊस ओळीनं दुसऱ्या सालीही तोंडाला पानं पुसून गेला आणि नव्या जिल्ह्याचं नाव ताज्या रंगात मिरवत टँकर गावोगाव फिरायला लागले.

फोन आला तो सकाळी, दुकान उघडता उघडता. रेवणप्पा सौद्यासाठी सोलापूरला गेलेले होते. मुनीम तसाच अनवाणी घरी पळत आला आणि रेवणप्पांची बायको रुद्राणी हिला त्यानं निरोप सांगितला. देगलूरहून तिचा थोरला भाऊ शिवलिंग बोलत होता. अप्पांचं आज काही खरं नाही, आणि ते पाणी घेईनात, रुद्राणीला असेल तशी पाठवा.

पाणी घेईनात याचा अर्थ मुनिमाला कळला नाही. रुद्राणीला कळला. तिचे वडील शरणप्पा म्हणजे हट्टी माणूस. आपण मेल्यावर बाकीचे काय करतील ते लोक देवावर सोडतात. शरणप्पांनी ते दहा वर्षांपूर्वीच ठरवून ठेवलेलं होतं. दोन्ही पोरांनी खांदा द्यायचा, आणि शेवटचं पाणी रुद्राणीनं पाजायचं. दिवाळीला माहेरी गेली की फराळाच्या ताटावर ते हे बोलून दाखवायचे आणि तिची आई शिवकांता वैतागून उठून जायची. आता ते खरोखर तोंड मिटून बसले होते. पोरगी येईपर्यंत थेंब घ्यायचा नाही म्हणजे नाही. उन्हाळा असा, अंगात ताप, आणि दातावर दात.

तिनं पोराला सासूच्या हवाली केलं, अंगावरच्या लुगड्यानिशी निघाली आणि गाडीत येऊन बसली. लातूरहून उदगीर, उदगीरहून देगलूर; गाडी नीट चालली तर दुपारच्या जेवणाआधी पोचता येत होतं. एवढंच तिच्या डोक्यात होतं. पोचायचं, तांब्या घ्यायचा, त्यांना तोंड उघडायला लावायचं.

गाडी चालवायला केरबा होता. निलंग्याकडचा, पन्नाशीला टेकलेला, बोलायला मोजका. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेला आणि तिथल्या रोलरवाल्याच्या मागं लागून यंत्राचं काम शिकून आला. त्याच्या घरात बाबासाहेबांची तसबीर होती. गाडीत काचेपाशी मालकाचा सिद्धेश्वर होता. मालकाच्या गाडीत मालकाचा देव असणारच, त्याला केरबाची हरकत नव्हती. त्याचा स्वतःचा भरवसा डिकीतल्या पान्यांवर होता. रुद्राणी त्याला केरबाभाऊ म्हणायची, तो तिला अक्का म्हणायचा, आणि रेवणप्पा गाडीत नसले की दोघं मोकळेपणी त्यांच्या हॉर्नची टिंगल करायचे. आज हॉर्नचं नावही निघालं नाही.

नळेगाव मागं पडलं आणि बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. केरबानं गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, वाकून बघितलं आणि नुसता तोंडानं चक् आवाज केला. रेडिएटरच्या खालचा रबरी पाइप फाटला होता. पाणी सगळं वाटेत सांडत आलं होतं. पाइप बांधायला त्याच्याकडं सायकलच्या ट्यूबची पट्टी होती. ती त्यानं अशी आवळून बांधली की नवा पाइपही लाजला असता. अडचण पाण्याची होती. डिकीतला डबा निम्माच भरलेला होता. लातुरात नळ आठवड्यातून एकदा यायचा, तेव्हा गाडीचा डबा काठोकाठ भरायची छाती कुणाची होणार?

इंजिन निवेपर्यंत थांबावं लागलं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं की लोखंड तडकतं. रुद्राणी बाभळीच्या विरळ सावलीत उभी राहून रस्त्याकडं बघत होती आणि मनातल्या मनात बापाशी भांडत होती. एक घोट घ्या. मी येतेच आहे, तोवर शिवलिंगच्या हातानं एक घोट घ्या, माझ्या वाट्याचा उरतोच की. पण शरणप्पा असे कुणाचं ऐकणारे असते तर काय पाहिजे होतं.

डब्यातलं पाणी ओतून गाडी कशीबशी पुढच्या गावाशी आली. रस्त्याच्या कडेला टँकर उभा होता आणि त्याच्या मागं बायांची रांग. घागरी, डबे, कळशा, एकीकडं तर खताचा रिकामा ड्रमही होता. केरबा खाली उतरला. गाडीला पाणी मागायचं हे त्याच्या जिवावर आलेलं होतं आणि ते दिसत होतं. त्यानं गाडीचं नाव न काढता आधी बाईचं सांगितलं. लेक आहे, बाप देगलूरला शेवटच्या घटका मोजतोय, तिच्या हातानंच पाणी घेईन म्हणून अडून बसलाय.

रांगेतून नुकतीच बाहेर पडलेली एक म्हातारी थांबली. नागुबाई तिचं नाव. डोक्यावर भरली घागर, चुंबळीतून पाणी झिरपून कपाळावर आलेलं. तिनं गाडीकडं बघितलं, मग रुद्राणीच्या कपाळावरच्या भस्माकडं बघितलं आणि केरबाला हळूच विचारलं, "बाईला आमच्या घागरीचं चालंल का?"

"गाडीला समदं चालतं, माय," केरबा म्हणाला.

रुद्राणीनं ऐकलं. तिला आपण कुठं बघावं ते कळेना, म्हणून ती बॉनेटकडं बघत राहिली. नागुबाईनं घागर उतरवली.

पाणी ओतलं की झालं, असं रुद्राणीला वाटलं होतं. तसं नव्हतं. रेडिएटर एकदा रिकामा झाला आणि घाईत भरला की आत हवा कोंडून बसते, केरबानं सांगितलं. पाणी भरल्यासारखं दिसतं, पण वाटेत हवा अडून बसल्यामुळं ते इंजिनात फिरत नाही. ती हवा काढावी लागते. त्यासाठी गाडीचं नाक वर पाहिजे, कारण हवा वर चढते. जवळच ओढ्यावरच्या फरशी पुलाचा चढ होता. रांगेतल्या चार बायांनी घागरी ठेवून गाडीला हात लावला, हसतखिदळत ती चढावर नेली आणि चाकामागं दगड लावले. केरबानं झाकण उघडंच ठेवून इंजिन चालू केलं, वरचा जाड पाइप मुठीत धरून दाबायला लागला आणि दुसऱ्या हातानं थोडं थोडं पाणी सोडू लागला. आतून गुडगुड आवाज आला. तोंडाशी मोठाले बुडबुडे फुटले आणि पाणी झपकन खाली गेलं.

"लेकराला दूध पाजून खांद्यावर घेत्यात तसंच हाय की," नागुबाई म्हणाली. "ढेकर निघंस्तवर ठोकायचं."

बाया हसल्या. रुद्राणीही हसली, त्या दिवसातलं पहिलं आणि शेवटचं. तिला वाटलं, अशी माणसं वाटेत भेटली म्हणजे आज आपण पोचणार.

पण ढेकर निघता निघेना. केरबा ओतायचा, बुडबुडे फुटायचे, पाणी खाली जायचं, मग एकदम उसळी मारून तोंडातून बाहेर यायचं. बाहेर आलेलं पाणी पुढचा पंखा उडवून लावायचा. रेडिएटरवरून, बंपरवरून ते खाली धुळीत पडत होतं. एकीनं परात धरून बघितली; परातीत गंजाचं तांबडं, तेलकट पाणी जमलं. ते ना माणसाच्या कामाचं होतं ना म्हशीच्या. तिनं परात पालथी केली आणि मागं सरली. हसणं थांबलं होतं. सगळ्या बाया जमिनीवरच्या ओल्या डागाकडं बघत होत्या. डाग वाढत होता. रुद्राणीला त्यांचे चेहरे दिसत होते. त्यांच्यात राग नव्हता, आणि राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

घागर संपली. केरबानं पाठ सरळ केली.

"अक्का, आणखी अर्धी घागर लागंल. वाहू द्यावं लागतंय. बुडबुडे बंद होऊस्तर वाहूच द्यावं लागतंय, तवा हवा निघती."

रांगेतली एक तरुण बाई पुढं झाली. कडेवर मूल, दुसऱ्या हातात कळशी. तिनं कळशी उचलून केरबापुढं धरली. कडेवरच्या मुलानं कळशीत हात बुडवला आणि ओली बोटं तोंडात घातली.

आणि इथं रुद्राणीला तिचा बाप आठवला. आजारी पडलेला नव्हे. बहात्तर सालातला, धोतर खोचून विहिरीच्या काठावर उभा राहिलेला. देगलूरच्या त्यांच्या परसातल्या विहिरीला त्या साली पाणी टिकून होतं आणि शरणप्पांनी ती सगळ्यांना खुली केली होती. म्हणजे फार मोठं मन होतं अशातला भाग नाही. खुली केली आणि स्वतः पहारा द्यायला उभे राहिले. कोण किती नेतं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. सांडायचं नाही, एवढंच. थेंब सांडला की ते अशा शिव्या द्यायचे की गल्लीतल्या बाया पोहरा काढताना श्वास धरायच्या. दहा-बारा वर्षांच्या रुद्राणीच्या हातून एकदा पाण्याचा तांब्या कलंडला, तेव्हा त्यांनी सगळ्यांदेखत तिच्या मुस्काटात मारली. आयुष्यात त्यांचा हात तिच्या अंगावर पडला तो तेवढाच. त्यानंतर तिच्या हातून पाणी कधी सांडलं नाही. भांडं काठापर्यंत भरायच्या आतच तिचा हात आपोआप थांबायचा. सासरी सासू तिला हसायची.

"नको," ती म्हणाली. "त्या बाईचं नको घेऊ. भरलंय की आता. दिसतंय वरपर्यंत."

केरबा म्हणाला की दिसतंय, पण हवा आहे आत, बुडबुडे येतायत अजून. ती म्हणाली की निघेल वाटेत, नाहीतर उदगिरात बघू. कळशी धरलेल्या बाईचा चेहरा पडला. आपल्या कळशीचं चालत नाही असं तिला वाटलं असावं. रुद्राणीला ते उमगलं आणि तसं नाही म्हणून सांगावं असं वाटलं, पण ते कसं सांगतात हे तिला येत नव्हतं. ती बाई लेकराला सावरत पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली.

केरबानं जमिनीवरच्या डागाकडं बघितलं, आणि झाकण लावलं. त्यालाही ते ओतवत नव्हतं, खोटं कशाला बोला. दुष्काळात जन्म काढलेल्या माणसाला पाणी भरायला सांगा, डोक्यावर वाहायला सांगा, ओढायला सांगा. मुद्दाम वाहू द्यायला सांगितलं की त्याचे हात चालत नाहीत. रुद्राणी नागुबाईच्या पायाला हात लावायला वाकली तर म्हातारी दोन पावलं मागं सरली आणि म्हणाली, जा माय, बाप वाट बघायला असंल.

गाडी निघाली आणि छान निघाली. समोर उष्णतेचा काटा होता. रुद्राणीचं लक्ष सारखं त्याच्यावर. मघाशी तो तांबड्या रेघेला जाऊन टेकला होता, आता पार तळाशी गार पडून होता. उदगीर येईपर्यंत तो जागचा हलला नाही. उदगिरात गॅरेजासमोर केरबानं गाडीचा वेग कमी केला आणि मिस्त्रीला दाखवू का विचारलं. एवढ्या उन्हात काटा इतका खाली कामून, हे त्याला बरं वाटत नव्हतं. रुद्राणीनं काट्याकडं बोट केलं. गार आहे की. वर असता तर थांबलो असतो, खाली आहे म्हणून कुणी थांबतं का? केरबालाही तेच पटवून घ्यायचं होतं. त्यानं गॅरेजाकडं पाठ फिरवली आणि देगलूरचा रस्ता धरला.

त्या रस्त्याला लागल्यावर रुद्राणीला पहिल्यांदा जरा धीर आला. इथून पुढं पाट्यांवर जिल्हा नांदेड. शेतं तशीच उजाड, पण ती तिच्या ओळखीची. तिनं डोळे मिटले आणि अप्पांना काय म्हणायचं ते जुळवत बसली. आले बघा. आता उघडा तोंड. ती इतक्या जवळ पोचली होती की तिला त्यांचा दाढी वाढलेला चेहराही दिसत होता.

आधी वास आला. जळक्या रबराचा आणि तापल्या लोखंडाचा. मग पुढून खडखड सुरू झाली. केरबानं गाडी बंद करायला हात नेला तोवर इंजिननं एक कण्हल्यासारखा आवाज काढला आणि जागच्या जागी जाम झालं. गाडी थोडी घरंगळली आणि उभी राहिली. काटा अजून तळाशीच होता.

केरबा उतरला. त्यानं रेडिएटरच्या वरच्या भागाजवळ नुसता हात नेला आणि झटकन मागं घेतला. मग खाली वाकून तळाला हात लावला, आणि तसाच बसून राहिला.

"वर आग हाय अन् खाली गार," तो म्हणाला. "पाणी फिरलंच न्हाई, अक्का. काट्याचं आतलं टोक हवेत बसलेलं व्हतं. त्याला पाणीच लागलं न्हाई, त्यो काय सांगणार."

रुद्राणीला पटकन समजलं आणि समजायला नको होतं असं झालं. ती विचारत राहिली, काही करता येईल का, थोडा वेळ थांबलं तर निवेल का, पाणी आणलं तर? केरबा मान हलवत होता. आता पाण्याची विहीर आणून ओतली तरी हे इंजिन फिरणार नव्हतं. अर्ध्या घागरीचं काम होतं तेव्हा होतं.

मग रस्त्यावर उभं राहणं आलं. भर दुपार, डांबर पाघळलेलं, झाडाचं नाव नाही. एक एसटी आली ती खचाखच भरलेली, थांबलीसुद्धा नाही. एक जीप आली ती उलट्या बाजूला गेली. रुद्राणी आधी उभी होती, मग चालायला लागली. केरबा मागून हाका मारत आला. चालत पोचण्याइतकं ते जवळ नव्हतं, पण तिला थांबवत नव्हतं. गाडीला कुलूप लावून तो तिच्या मागं मागं चालत राहिला. तिला एवढंच दिसत होतं की आपण चालतोय तेवढा वेळ तिकडं एक म्हातारा तहानलेला पडला आहे आणि पाण्याचं भांडं त्याच्या उशाशी आहे.

शेवटी जनावरांच्या छावणीवर कडबा टाकून परत निघालेल्या एका ट्रकवाल्यानं दोघांना घेतलं. रुद्राणी पुढं बसली, केरबा मागं रिकाम्या हौद्यात. देगलूरच्या वेशीत शिरताना ऊन कलायला लागलं होतं.

गल्लीच्या तोंडाशीच तिला कळलं. दारात माणसं होती, आणि ती बोलत नव्हती. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या फळ्या अर्ध्या लावलेल्या होत्या. तिला बघून एक बाई पुढं आली आणि तिला धरायला लागली, तिचा हात झिडकारून रुद्राणी आत गेली.

शरणप्पांना बसवलं होतं. लिंगायतांत मेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत; न्हाऊ घालून, भस्म लावून, मांडी घालून बसवतात आणि तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवतात. सोप्यातल्या भिंतीला टेकून ते पाटावर बसले होते. धुतलेलं धोतर, खांद्यावर उपरणं, गळ्यात हार. डोकं एका बाजूला कलू नये म्हणून मागून कापडाची पट्टी बांधलेली होती. दुपारी जेवण झाल्यावर याच भिंतीला टेकून ते असेच बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हटकायचे. त्यांच्या बाजूला शिवकांता बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्यांच्यात लिंगैक्य झालेल्यासाठी, म्हणजे शिवात मिळून गेलेल्यासाठी, रडायचं नसतं, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं आणि ती ते शिकवणं निभावत होती.

शिवलिंगनं सगळं सांगितलं. त्याला थांबताच येईना. सकाळपासून चमचा ओठाशी नेला की अप्पा दात आवळायचे. मठाच्या स्वामींनी तीर्थ आणलं, त्यालाही मान फिरवली. गल्लीत गाडीचा आवाज आला की डोळे उघडायचे आणि विचारायचे, आली का? दुपारपर्यंत विचारत होते. मग विचारणं थांबलं, पण आवाज आला की डोळे उघडायचेच. ओठ फुटले होते. शेवटी शेवटी त्यानं बळेच बोटानं पाणी लावायचा प्रयत्न केला, तर त्याच्या बोटाला चावले.

"वाटंतच हाय म्हणून म्या शंभरदा सांगितलं," शिवलिंग म्हणाला. "कुठं व्हती तू?"

दाराशी अंग चोरून उभ्या असलेल्या केरबानं टोपी काढली आणि म्हणाला की गाडी बंद पडली. शिवलिंग त्याच्याकडं वळला. दिवसभराचा सगळा संताप त्याला टाकायला जागा पाहिजे होती आणि ती समोर उभी होती. ड्रायव्हर म्हणवतोस आणि गाडीत पाणी बघता येत नाही? माणूस मरायला टेकलाय हे ठाऊक असून असली गाडी रस्त्यावर काढलीस? तुझ्यापायी आमचा बाप कोरड्या घशानं गेला. आणखीही पुष्कळ बोलला. त्याच्या जातीवरही गेला. माणसं ऐकत होती आणि कुणी मधे पडलं नाही.

केरबा खाली बघत होता. "चुकलं माझं," तो म्हणाला. "रेडिएटरात हवा राहिली. म्या नीट काढाया पायजे व्हती."

एवढ्यावर ते मिटलं असतं. केरबानं ते आपल्या अंगावर घेतलं होतं आणि रुद्राणीनं नुसतं गप्प बसायचं होतं. आपल्याकडं असं पुष्कळदा मिटतं. पण तिला तो तळहात आठवला, रेडिएटरच्या गार तळाला लावलेला.

"त्यांचं काही चुकलं नाही," ती आईकडं बघत म्हणाली. तिचा आवाज मोठा होता, तिला वाटला त्याहून मोठा. "ते सांगत होते, आणखी अर्धी घागर लागंल, पाणी वाहू द्यावं लागतंय. एक बाई द्यायलाही तयार होती. मीच नको म्हणाले. पाणी सांडत होतं ते मला बघवेना. मीच झाकण लावायला सांगितलं, अव्वा, मीच –"

शिवकांतानं पहिल्यांदा हालचाल केली. तिनं हात पुढं करून लेकीचं मनगट धरलं आणि तिला स्वतःजवळ, खाली ओढलं. मग मान वळवून तिनं पाटावर बसलेल्या नवऱ्याच्या चेहऱ्याकडं बघितलं, आपण बोलतोय ते त्यांच्यापर्यंत गेलं की काय ते बघावं तसं, आणि लेकीच्या कानाशी तोंड नेलं.

"हळू बोल, बाई," ती म्हणाली. "अप्पा ऐकायलेत."

रुद्राणी गप्प झाली. थोड्या वेळानं स्वामी आले आणि पुढच्या तयारीला लागले.